देडतलाईचा परराष्ट्र प्रश्न

लालबाग, बऱ्हाणपूर
नारळी पौर्णिमेनंतरचा गुरुवार

चिरंजीव योगेंद्र यास, दिगंबरदादाचा लालबागेतून थेट दिल्लीपर्यंत पुरेल एवढा आशीर्वाद.

तू, रंजिता आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. (फोनवर विचारलं असतं, पण तू फोन उचलतोस तेव्हाही मीटिंगमध्ये असतोस आणि उचलत नाहीस तेव्हाही.) इकडे मी बरा आहे, तुझी ज्योत्स्नावहिनी बरी आहे, झेरॉक्सचं मशीन तेवढं कुरकुरतं. तुझी आई, म्हणजे आमची मालूकाकू, तब्येतीनं ठणठणीत आहे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, एवढं सोडलं तर. डॉक्टरांनी येत्या सोमवारची ऑपरेशनची तारीख दिली आहे आणि याहून जास्त थांबू नका असं बजावलं आहे. पण काकू देडतलाईपुढच्या नाल्याच्या पलीकडे लोटूमामाकडे बसली आहे आणि अलीकडे यायला तयार नाही. का तयार नाही, हे सांगायचं तर संसदेपासून सुरुवात करावी लागते. तेव्हा चहा मागव आणि वाच.

आपले खासदार भूपेंद्रभाऊ तुला आठवत असतीलच. केळीचे आडते होते तेव्हापासून त्यांची पत्रं, अर्ज, निवेदनं माझ्याच दुकानात टाइप होतात. भाऊ माणूस मोकळा, कुणाच्या लग्नाला नाही म्हणायचा नाही, तेराव्यालाही नाही. पण निवडून आल्यापासून त्यांनी सभागृहात तोंड उघडलं नव्हतं. त्यावर विरोधकांनी यंदा चौकात भाषण ठोकलं की, आपल्या खासदारांचा आवाज दिल्लीत फक्त कॅन्टीनवाल्यानं ऐकलाय. हे भाऊंना फार लागलं. (कॅन्टीनचं खरं होतं म्हणून जास्त लागलं.) दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतोय तोच ते दुकानात हजर. म्हणाले, "दिगू, सवाल लिही. असा लिही का मंत्री बी खूश, पब्लिक बी खूश."

नेमका त्याच सुमारास नाल्यावरचा रपटा, आपला तो ठेंगणा फरशीपूल, वाहून गेला होता. दर पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो हे तुला माहीत आहे, लहानपणी तुझी एक चप्पल त्यानं घेतलीच आहे. यंदा तो पाण्याखाली गेला आणि पाणी उतरल्यावर तिथं नव्हताच. काकू आदल्या दिवशी लोटूमामाच्या नातवाच्या बारशाला पलीकडे गेलेली, ती तिकडेच राहिली. सोबत तिच्या दोन बकऱ्या. (बारशाला बकऱ्या कशाला, असं मी विचारलं होतं. घरी त्यांना कोण बघणार, असं उत्तर मिळालं.) मी भाऊंना म्हटलं, याच्यासारखा प्रश्न नाही. घ्या रपटा, मागा पूल.

पण रपट्याचा प्रश्न भाऊंनी या आधीही लेखी टाकलेला होता, एकदा नव्हे, तीन अधिवेशनांत. तिन्ही वेळा ग्रामीण रस्त्यांच्या मंत्र्यांचं उत्तर आलं की माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. हे पटल केवढं असेल याचा मी कधीकधी विचार करतो. नेपानगरची गिरणी इतकी वर्षं कागद बनवते, तो सगळा तिथंच जाऊन बसत असावा. भोपाळला विचारलं तर ते म्हणतात निधी केंद्राचा, केंद्राला विचारलं तर ते म्हणतात नाला राज्याचा. नाल्याला मात्र यातलं काही माहीत नसल्यानं तो वेळेवर येतो.

म्हणून मी डोकं चालवलं. देशातल्या प्रश्नाला उत्तर येत नसेल तर तोच प्रश्न परदेशातून फिरवून आणावा. आखातात सध्या गडबड आहे, आपली केळी तिकडे जातात, आपली माणसंही तिकडे आहेत. तेव्हा परदेशाच्या मंत्र्यांना, म्हणजे तुझ्या खात्याला, प्रश्न टाकला की आखातातल्या परिस्थितीचा भारतीय नागरिकांवर आणि केळीच्या निर्यातीवर काय परिणाम झाला. एवढा मुख्य प्रश्न. मंत्र्यांनी उत्तर दिलं की सदस्याला उठून पुरवणी प्रश्न विचारता येतो. त्या पुरवणीत मी खरा माल भरला होता. आखातात केळी जायची तर आधी ती बंदरात पोचली पाहिजेत, बंदरात जायची तर बऱ्हाणपुरात, बऱ्हाणपुरात यायची तर नाला ओलांडून, आणि नाल्यावरचा रपटा वाहून गेला आहे. तरी देशाच्या परकीय चलनाच्या हितासाठी सरकार तिथं पूल बांधणार काय? मला स्वतःला हे वाक्य इतकं आवडलं की मी त्याच्या दोन प्रती काढल्या.

दिल्लीत प्रश्नांच्या चिठ्ठ्या निघाल्या, आमचा प्रश्न लागला आणि तोंडी उत्तरासाठी वरच्या चारात आला. आम्ही दुकानात टीव्ही आणला. देडतलाईहून सरपंच तेजस्विनीताई आल्या, अलीकडची निम्मी पंचायत आली. पलीकडची मंडळी येऊ शकत नव्हती, ती मोबाइलवर बघत होती. भाऊ उभे राहिले. पांढरा कडक कुर्ता, हातात माझा कागद. मंत्र्यांनी मुख्य उत्तर वाचलं, ते छान होतं. (आता कळतं, तूच लिहिलं असशील.) मग अध्यक्षांनी पुरवणी विचारा म्हटलं, आणि इथं माझ्याकडून एक गोष्ट विसरली गेली. भाऊ आयुष्यभर केळीच्या लिलावात उभे राहिलेले. लिलावात जो माल कुठला, बाग कोणाची, पाणी कसं हे सांगत बसतो, त्याच्या डोळ्यांदेखत गाडी दुसरा घेऊन जातो. तिथं शेवटचं तेवढंच बोलायचं असतं. भाऊंनी सवयीनं तेच केलं. आखात सोडलं, बंदर सोडलं, केळी सोडली, बऱ्हाणपूरही सोडलं. म्हणाले, "देडतलाई में दोनों तरफ का संपर्क टूट गया है, लोग फँसे हुए हैं। सरकार क्या कर रही है?" आणि खाली बसले.

 देडतलाई कुठल्या देशात आहे, हे विचारायला कुणी उठलं नाही. अशा वेळी विचारणारा अडाणी ठरतो. मंत्री उठले. त्यांच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही. म्हणाले की तिथल्या परिस्थितीवर सरकारचं बारीक लक्ष आहे. आपण दोन्ही पक्षांच्या संपर्कात आहोत. दोघांनीही संयम बाळगावा आणि चर्चेतून मार्ग काढावा अशी भारताची पूर्वीपासूनची भूमिका आहे. भारतीय नागरिकांची सुरक्षितता ही आपली प्राथमिकता असून अडकलेल्यांबाबत सन्माननीय सदस्यांना लेखी कळवण्यात येईल. बाकं वाजली. भाऊंच्या मागचे एक सदस्य तर म्हणे डोळे पुसत होते.

दुकानात आधी टाळ्या पडल्या. मग तेजस्विनीताईंनी विचारलं की सरकार दोन्ही पक्षांच्या संपर्कात आहे, तर आमच्याशी तर कुणी बोललं नाही. मग बोलतंय कोणाशी? झालं. तुला माहीतच आहे, पूल व्हावा यावर दोन्ही काठांचं एकमत आहे आणि तो कुठं व्हावा यावर वीस वर्षं भांडण. अलीकडच्यांना तो जुन्या रपट्याच्या जागी हवा, पलीकडच्यांना वर, शाळेजवळ. ताईंना वाटलं लोटूमामानं गुपचूप दिल्लीशी संधान बांधलं. पलीकडे लोटूमामाला वाटलं ताईंनी बांधलं. मामानं फोनवर मला सुनावलं, "आमच्या पाठीमागं चर्चा चालू है तुमची? वरची जागा आम्ही सोडणार नाही, सांगून दे तुझ्या मंत्र्याला." अलीकडून पलीकडे दोरीला बांधून जे दूध आणि गोळ्या-औषधं जात होती ती दोन दिवस बंद झाली. तिसऱ्या दिवशी बोलणी झाली. दोन्ही बाजूंनी पाच-पाच माणसं आपापल्या काठावर खुर्च्या टाकून बसली आणि ओरडून चर्चा केली. अखेर संयुक्त निवेदन निघालं की दूध चालू, जागेवर मतभेद कायम. दिल्लीत तुम्ही याहून वेगळं काय करता, हे कधी भेटलास की सांग.

मग तुझ्या खात्याचं पत्र आलं. भाऊ स्वतः ते घेऊन दुकानात आले, कारण त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा लावलेला त्यांना आवडत नाही. मी मोठ्यानं वाचलं: उपलब्ध माहितीनुसार उक्त ठिकाणी अडकलेल्या भारतीय नागरिकांची संख्या निरंक आहे. खाली सही तुझी. तुझी सही मी लगेच ओळखली. शाळेच्या वहीवर करायचास तीच, शेवटी मोराच्या पिसाऱ्यासारखी. योगेंद्र, मी तुला बोल लावत नाही. दिवसाकाठी किती कागद समोर येत असतील. वाचून सह्या करायच्या म्हटलं तर सरकार चालायचं कसं? आपल्या गावाचं नाव टाइप झालेलं असताना नजर त्यावरून घसरली, एवढंच. मीही अर्ज टाइप करताना वाचत नाही.

पण त्या पत्राची एक प्रत जिल्ह्याच्या कचेरीत गेली होती. दिल्लीहून देडतलाईची चौकशी आली म्हटल्यावर जे अधिकारी रपटा वाहून गेला तेव्हा दौऱ्यावर होते, ते दुसऱ्याच दिवशी नाल्यावर हजर. सोबत जेसीबी, दोन जीप आणि छत्री धरणारा शिपाई. काम एकच, अडकलेल्यांची संख्या पक्की करणं. पलीकडची चाळीस घरं मोजायची की नाही यावर काठावर खल झाला आणि साहेबांनी निकाल दिला की ती माणसं अडकलेली नाहीत, कारण ती आपापल्या घरीच आहेत. अडकलेला तो, ज्याचं घर अलीकडे आहे आणि जो पलीकडे आहे. अशी व्याख्या केल्यावर संपूर्ण संकटात एकच नागरिक उरला. मालूकाकू.

जेसीबी पाण्यात घातला. काकूला त्याच्या लोखंडी सुपात बसवलं, दोन बकऱ्यांसकट. फोटो निघाले. काकूनं पदर नीट केला आणि ड्रायव्हरला सांगितलं की हळू चालव, माझी गाभण आहे. (बकरी.) अशी ती मोठ्या इतमामानं अलीकडे आली. मी तिला बऱ्हाणपुरात आणलं, डॉक्टरांना दाखवलं, सोमवारची तारीख घेतली. दोन बकऱ्या आमच्या गच्चीवर. ज्योत्स्नानं पुरणपोळी केली. सगळं मार्गी लागलं असं मी समजत होतो.

चौथ्या दिवशी भाऊ त्या साहेबांचा अहवाल घेऊन प्रती काढायला आले. काकू दुकानात बाकावर बसलेली. मी वाचत गेलो: प्रत्यक्ष पाहणी केली असता पलीकडे कोणीही अडकलेले आढळले नाही. खात्याने कळवलेली संख्या बरोबर असल्याचे सिद्ध होते. सबब पुलाची तातडी दिसून येत नाही, प्रकरण बंद करावे.   काकूनं विचारलं, निरंक म्हणजे काय रे? मी सांगितलं, म्हणजे कोणी नाही. कोणी लिहिलं? मी झेरॉक्सचं झाकण उघडून आत बघू लागलो. भाऊंनीच सांगून टाकलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मी समजूत घातली असती. थोडा वेळ तिनं अहवालाला जोडलेल्या पत्रावरच्या तुझ्या सहीकडे चांगल्या डोळ्यानं बघितलं. मग म्हणाली, "मी काय मरून गेली का रे? मी नाही तर नाही, बकऱ्या तरी मोजायच्या." आणि उठून बकऱ्यांसह देडतलाईची बस धरली. तिच्या म्हणण्याप्रमाणे हिशेब सोपा होता. ती अलीकडे असली तर अडकलेले शून्य आणि पूल नाही. ती पलीकडे असली तर एक, आणि एक असला तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. संध्याकाळी पाणी मांडीपर्यंत उतरलं होतं. लोटूमामानं अलीकडे धाडलेल्या बैलजोडीला धरून ती पलीकडे गेली, बकऱ्या गड्याच्या खांद्यावर. तेजस्विनीताईंनी काठावरून हात जोडले. पूल शाळेजवळ झाला तरी चालेल, असं त्या दिवशी ताई पहिल्यांदा म्हणाल्या. (दुसऱ्या दिवशी मागे घेतलं.)

तेव्हापासून ती तिथं आहे. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. ती म्हणते डोळा माझा आहे. बाकी इकडे सर्व क्षेम. रंजिताला आशीर्वाद, मुलांना पापे.

तुझा,
दिगंबरदादा

ता. क. पत्र आज रात्रीच्या गाडीनं ओळखीच्या माणसाबरोबर धाडतोय, सोबत दराबा मिठाईचा डबा आहे, मुलांना दे. भूपेंद्रभाऊंचा निरोप असा की, पुढच्या अधिवेशनासाठी तू उत्तरं आधी पाठवून द्यावीस, आम्ही इकडे त्यांना शोभतील असे प्रश्न बसवून घेऊ. यात दोघांचाही वेळ वाचेल.

आणखी एक. वरचं सगळं राहू दे. मी पत्र लिहायला बसलो ते यासाठी: काकू म्हणते, ज्यानं शून्य लिहिलं त्यानं स्वतः येऊन मोजावं, मी त्याच्यासोबत लगेच दवाखान्यात येते. सोमवार जवळ आहे. रजा टाक आणि रविवारपर्यंत ये.

आणि हेही. हवामान खात्यानं शनिवार-रविवार जोराचा पाऊस सांगितला आहे, आणि भाऊंनी ते ऐकल्यापासून तुझ्या येण्याची फार उत्सुकता दाखवली आहे. त्यांचं म्हणणं, केंद्र सरकारचा अधिकारीच पलीकडे अडकला तर पूल गणपतीच्या आत मंजूर होईल. ही गोष्ट तुझ्यापासून लपवणं बरं दिसलं नाही. काकूलाही सांगितली. ती म्हणाली, अडकला तर अडकला, डॉक्टर तारीख पुढं करून देईल. चार दिवस आईपाशी राहिल्यानं कोणतं धोरण बुडत नाही. तिनं तुझ्या भाकरीसाठी कळण्याचं पीठ दळून ठेवलं आहे.