बाबांशेजारची जागा

प्रिय शुक्रीदादा,

आज कैरोतलं आपलं कब्रस्तान पाडलं. तिथून रस्ता जाणार आहे. सुलतानांच्या काळातला शेजारचा घुमटही गेला. कबर खोदणारे बयूमीचाचा म्हणाले, "पोरी, रडणं नंतर. आधी बाबांना उचल, यंत्र इकडेच वळलंय." बाबांची हाडं मी चादरीत बांधली आणि शहराबाहेर वाळवंटात, परक्यांच्या कबरीत ठेवली. तिथे आणखी कुणाला जागा नाही.

संध्याकाळी कुवेतच्या दवाखान्यातून तुझा फोन आला. धापा टाकत तू विचारलंस, "नादरा, बाबांशेजारची माझी जागा राखलीस ना?"

"हो दादा, आजच झाडून आले," मी म्हणाले.

आता तुला आणून कुठे ठेवू? हे विचारायला तुझ्याखेरीज मला कुणी नाही, आणि तुलाच विचारता येत नाही. म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

तुझी,
नादरा