गिटारींच्या आडून

प्रिय आई,

ल्योंला नीट पोहोचले, वेळेवर जेवतेही आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

तिबोचा शेवटचा ब्लॅक मेटल अल्बम, तेच त्याचं कर्कश, काळोखं रॉक संगीत, उद्या छापायला जातो. त्याचं ओरडणं गिटारींच्या भिंतीआड पुरलेलं आहे. तुम्हाला लेकाचे शब्द एकदा तरी स्पष्ट ऐकायचे होते, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्या गेनोलेला मी आवाज पुढे आणायला सांगितलं. पुढे आली ती धाप, इस्पितळात त्याच्या शेवटच्या रात्री ऐकलेली तीच.

"पुन्हा आत ने, त्याला हवा होता तसा," मी म्हटलं.

"वहिनी, तुमच्या सासूबाई मला गिटारीनंच बडवतील!"

रागवा माझ्यावर. पण धुक्यात तो टेकडीखालून हाक मारायचा, तेव्हा शब्द न कळताच तुम्ही दार उघडायचात. तसंच ऐका.

तुमच्या घरचीच,
एनोरा