फुगलेले चिरोटे

तेलीबांधा, रायपूर
२० जानेवारी

ती. ताईस प्रल्हादचा सा. न. वि. वि.

फोन करू नकोस, हे पत्रच वाच. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस.

रविवारी सुजाताबाई मला बघायला येऊन गेल्या. तू बजावल्याप्रमाणे इस्त्रीचा शर्ट घातला आणि विकतचं काही आणलं नाही. चिरोटे स्वतः केले. अबोलीची आई होती तेव्हा तिच्या हाताखाली इतकी वर्षं लाटले होते, म्हणून घाबरलो नव्हतो. पोळ्यांवर तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावला, गुंडाळी केली, कापून लाटले. तेलात सोडल्यावर ते फुगले. पापुद्रे सुटलेच नाहीत. एकेक चिरोटा लहान उशीएवढा होऊन तेल पीत बसला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये मी आयुष्यभर माल तपासला. हा माल गेटाबाहेर सोडला नसता. पण तेवढ्यात बेल वाजली.

बाईंनी एक अख्खा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे चिरोटे नाही आहेत. बरे पण नाही झाले." पुढे आम्ही नव्या रायपूरच्या बसबद्दल बोललो. त्यांचं ऑफिस तिकडे आहे.

तेव्हा हे प्रकरण संपलं. तुझ्या मैत्रिणीची ती भाची, म्हणून तिकडे तूच कळव. माझ्यावरचा लोभ चिरोट्यांवरून कमी करू नये.

तुझा
प्रल्हाद

वर्धा
२७ जानेवारी

चि. प्रल्हादास अनेक आशीर्वाद.

चिरोटे फुगतात कसे, हे मला दोन दिवस कळेना. शेवटी सोनियाने, म्हणजे आमच्या सुनेने, तुझ्या अबोलीला अमेरिकेला फोन लावला आणि तिचं बोलणं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. दिवाळीत पोट्टीने तिकडून केकसाठी मैद्याचं पाकीट आणलं होतं. तिकडे फुगायची पावडर आणि मीठ मैद्यात आधीच घालून विकतात. उरलेलं तिने तुझ्या मैद्याच्या डब्यात ओतलं. दिसायला सारखंच. म्हणजे तुझा हात बिघडलेला नाही.

अबोली आधी खूप हसली. मग चिरोटे कोणासाठी होते, असं विचारलं. मी सांगून टाकलं. मला वाटलं होतं तिला माहीत असेल. त्यावर पोट्टी एवढंच म्हणाली, "बाबांनी मले काहून नाही सांगितलं?"

प्रल्हाद, हे तू बरं केलं नाहीस. तिला आजच फोन कर. आणि प्रकरण संपलं, असं सुजाता म्हणाली का? की तूच शिक्का मारलास?

तुझी तब्येत आणि अक्कल दोन्ही सांभाळ.

विजयाताई

तेलीबांधा, रायपूर
९ फेब्रुवारी

ती. ताईस प्रल्हादचा सा. न. वि. वि.

अबोलीला फोन केला. ती रडली, मग मी थोडा. आईचे फोटो भिंतीवरून काढणार का, असं तिने विचारलं. काढणार नाही म्हणालो. त्या बाई चांगल्या आहेत का, असं विचारलं. अजून नीट माहीत नाही, पण खोटं बोलत नाहीत, असं सांगितलं. शेवटी ती "हव, करा" म्हणाली. आनंदानं म्हणाली असं नाही.

मग सुजाताबाईंना मैद्याचा खुलासा दिला, मिलमध्ये देत असे तसा. त्यांनी डब्यात अजून मैदा आहे का, एवढंच विचारलं. शनिवारी येऊन त्या मैद्याची बालुशाही केली, कारण तिला फुगायचंच असतं. चांगली झाली. थोडी खारट होती.

तू विचारशील, मला ही बाई काहून आवडली. अबोलीची आई गेल्यापासून मी काहीही केलं तरी कॉलनीतली माणसं छान म्हणतात. करपलेली पोळीसुद्धा त्यांनी छान म्हणून खाल्ली. ताई, असं कौतुक झालं की घरी आल्यावर फार एकटं वाटतं. परवा त्या गेल्यावर मला तसं वाटलं नाही.

भावजींना नमस्कार. आशीर्वाद जरा जास्तीचे पाठव.

तुझा
प्रल्हाद

बुढापारा, रायपूर
२१ फेब्रुवारी

ती. विजयाताईंना सुजाताचा सा. न. वि. वि.

तुम्ही पत्रात सरळ विचारलंत, म्हणून सरळ लिहिते. माझा होकार आहे.

चार दिवसांपूर्वी अबोलीचा फोन आला होता. माझी चौकशी करायला केला होता, पण निम्मा वेळ ती बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीबद्दलच सांगत होती. मी सगळं लिहून घेतलं. लग्न मार्चअखेर नोंदणी पद्धतीने करू. ती येते म्हणाली आहे.

माझं पहिलं लग्न मोडल्यापासून मी इथे एकटी राहते, हे तुम्हाला माहीतच आहे. काल यांना जेवायला बोलावलं. दोन घास खाल्ल्यावर हे म्हणाले, वरणात मीठ नाही. मी चाखून पाहिलं. खरंच नव्हतं. ताई, माझं असं किती दिवस राहत असेल, कोण सांगणार? मी आत मीठ आणायला गेले ती लवकर बाहेर येऊ शकले नाही. यांनी हाक मारली नाही. बसून राहिले. मी आल्यावर मीठ घालून घेतलं आणि पुन्हा भात मागितला.

आपला लोभ आता मलाही लागेल.

आपली
सुजाता