तब्येत आणि हवा

बाबा, मागच्या महिन्यात एका मुलीने माझ्या मुलाबद्दल मला मोबाइलवर विचारलं, "मावशी, दादाला रविवारी तरी घरी जेवायला मिळतं का हो?" आणि मला तुम्ही आठवलात. रोज आठवता तसे नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभे, सायकलची क्लिप अजून पँटच्या पायाला तशीच, हातात माझं पोस्टकार्ड, आणि कपाळावर ती आठी, असे आठवलात. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरी साधा टेलिफोनही नव्हता, त्यामुळे मोबाइल म्हणजे काय इथपासून सांगायला हवं. खिशातलं पोस्टकार्ड समजा. लिहिता लिहिताच पोचतं, आणि वाटेत कोणकोण वाचतं ते कळत नाही. तुम्हाला ही वस्तू मुळीच आवडली नसती.

मी तेव्हा चौथीत होते. हिंदी मुलखातल्या त्या लष्करी फॅक्टरीच्या इस्टेटमधलं आपलं ते दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे पेरूचं झाड. आजीला वर्ध्याला पोस्टकार्ड लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण आईला लिहायचा कंटाळा आणि माझं अक्षर बरं. त्या दिवशी मी मन लावून लिहिलं होतं की बाबा आजकाल फार उशिरा जेवतात, रविवारीसुद्धा जातात, आई म्हणते असंच चाललं तर वाळून जातील. मला ते पत्र फार सुंदर जमलंय असं वाटत होतं. आई शेगडीजवळ पोळ्या करतेय, मी पाटावर बसलेय, आणि तुम्ही उभ्याउभ्याच कार्ड वाचताय.

"हे काहून लिहिलं तू?"

"खरं तर आहे. तुम्ही उशिरा येता ना?"

"खरं आहे म्हणूनच लिहायचं नाही. वर्ध्याला पोचेपर्यंत हे कार्ड कितीजण वाचतील, माहीत आहे?"

"वाचू द्या ना. त्यात काय चोरी आहे?"

"फॅक्टरी रविवारी चालून राहिली, हे ज्याला कळलं त्याला बाकीचं सांगावं लागत नाही, बेटा."

एवढं बोलून तुम्ही कार्डाचे चार तुकडे केलेत आणि शेगडीत टाकलेत. मी भोकाड पसरलं. आई लाटणं थांबवून म्हणाली, "अन् म्हातारीनं काय समजायचं? पोरगी आजारी पडली का काय?" तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "लिहू दे ना, मी कुठं मना करून राहिलो? तब्येत लिहायची, हवा लिहायची. बस." तेव्हापासून आपल्या घरातून गेलेलं प्रत्येक पत्र तब्येतीचं आणि हवेचं होतं. इस्टेटमधल्या इतर घरांतही थोडंफार असंच असायचं हे मला पुढे कळलं, पण त्यांचे बाबा पत्र वाचून बघत नव्हते. काही आठवड्यांनी लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांना आपण काळे कागद चिकटवले, आणि खळ मी लावली. माझं पोस्टकार्ड वर्तमानपत्राच्या आधी ती बातमी देणार होतं, हे कळण्याइतकं माझं वय नव्हतं. मी नुसती तुमच्यावर रुसून होते.

तो रुसवा काढायची तुमची पद्धतही तुमचीच. लढाई संपून पहिली सुटी मिळाली त्या सकाळी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून थेट नदीवरच्या ग्वारीघाटाला नेलंत. केवढं लांब ते! माझे पाय झोपी गेले होते. नावाड्याला म्हणालात, "भैया, बिटिया को उस पार तक घुमा दो, इसको चिट्ठी लिखनी है." तो हसून म्हणाला, "तो चिट्ठी में हमारी नाव का भी लिखना, बिटिया." परतताना पोस्टातून एक निळं अंतर्देशीय पत्र घेऊन माझ्या हातात दिलंत. "आता जे पाहिलं ते सगळं लिही. एक अक्षर कापणार नाही." मी लिहिलं. फुलवालीचं भांडण, छत्रीखाली घोरणारे पुरोहित, नावेत चढून बसलेला आणि उतरायला तयार नसलेला कुत्रा. आजीने ते पत्र म्हणे वस्तीतल्या सगळ्यांकडून वाचून घेतलं. पुढे शहरातल्या राइट टाउन भागातल्या शाळेत मी जन्मभर पोरांना निबंध शिकवले, हिंदीत शिकवले आणि मराठीत रागावले. पोरं म्हणायची, मॅडम, लिहायला काही सुचत नाही. त्यांना मी नदीवर पाठवायची.

पण मी काही नेहमी तुमची गुणी मुलगी नव्हते. कॉलेजात असताना डोक्यात नवं वारं शिरलं होतं, तेव्हा एकदा चहा पिताना तुम्हाला सरळ म्हटलं, "जिथे सरकार लोकांची पत्रं फोडून वाचतं ना, तुम्ही त्या देशांसारखे आहात." आईच्या हातातली गाळणी थांबली. त्या दिवसांत तुमच्या युनियनचा संप चालला होता, गेटवर घोषणा देऊन देऊन तुमचा आवाज पार बसला होता. त्या बसक्या आवाजातच तुम्ही बोललात, आणि रागावला नाहीत याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"तिकडे मी गेटवर उभा राहून साहेबाला शिव्या दिल्या असत्या, तर संध्याकाळी घरी चहाला आलो असतो का? इथे आजच देऊन आलो. तू पेपरात लिही ना. पगार कमी आहे, क्वार्टर गळून राहिलं, साहेब कामचोर आहे. खाली मी सही करतो. फक्त गेटच्या आतलं नाही. ते मला कोणी धाक दाखवून नाही शिकवलं. ते माझं मी ठरवलं."

मला तेव्हा ते पटलं नाही. तुम्ही आत नेमकं काय बनवत होता हे मला आजही माहीत नाही. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडच्या काकांनी फार उत्सुकतेने विचारलं होतं, "आपण फॅक्टरीत काय बनवता?" तुम्ही पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवलीत. आई आतून म्हणाली, "चहा बरा बनवतात. थांबा, आणते." सगळे हसले आणि लग्न ठरलं. तुम्ही चहा खरंच बरा करायचात, आलं जरा जास्त घालायचात एवढंच.

एका ठिकाणी मात्र तुमचं चुकलं, बाबा, आणि ते मी आज स्पष्ट लिहिणार आहे. तुमचा खोकला वाढला तेव्हा आपण नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, कामावर कसली पूड, कसला धूर नाकात जायचा? तुम्ही रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी म्हणालात, "साहेब, ते सोडून दुसरं विचारा." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी काय सांगणार, मला काही माहीतच नव्हतं. सांगितलं असतंत तर काही फरक पडला असता का, मला ठाऊक नाही. पण परतीच्या गाडीत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि तुम्ही सगळ्या वाटेभर मला संत्री सोलून देत होता. तो राग अजून थोडा शिल्लक आहे.

आता त्या मुलीचं. आपल्या इस्टेटमध्ये वाढलेल्या पोरापोरींचा मोबाइलवर एक गट आहे. सगळे साठीचे झालोत, तरी पोरंपोरीच म्हणायचं. तिथे ती आली. पुण्याची आहे म्हणाली, फॅक्टरीच्या जुन्या वसाहतींवर अभ्यास करतेय म्हणाली. मग मला वेगळं लिहू लागली, मावशी म्हणू लागली. रोज दुपारी चारला, माझ्या चहाच्या वेळी. आणि ती तुमच्याबद्दल विचारायची. बाबा सायकल कशी ठेवायचे, भोंगा वाजला की आई काय करायची, कधी मारलं का, कधी हसले का. माझे यजमान गेल्यापासून घरात बोलायला फारसं कोणी नाही. तुमचा नातू, जो तुमच्या मांडीवर जेमतेम दोन वर्षं खेळला, आता तुमच्याच गेटातून आत जातो, इंजिनीअर म्हणून. तो घरी येतो, जेवतो, झोपतो, विचारलं तर "ठीक है, आई." मी कुरकुरायची की हा मला काहीच सांगत नाही. आणि इकडे ही मुलगी तुमची एकेक गोष्ट हौसेने ऐकून घ्यायची. सुटीचा भोंगा झाल्यावर गेटातून सायकलींचा असा लोंढा यायचा की रस्ता दिसायचा नाही, आणि त्यात मी तुमची घंटी ओळखायची, हे मी तिला सांगितलं. ते मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

मग तो रविवारच्या जेवणाचा प्रश्न. किती मायेने विचारलेला! मी हौसेने टाइप करायला घेतलं, "कुठलं गं जेवण अन् कुठला रविवार, सध्या तर त्याला..." आणि हात थांबला. हे तर माझंच पोस्टकार्ड होतं. तेच जेवण, तोच रविवार, फक्त बाबांच्या जागी मुलगा. चहा निवत चालला होता आणि मी त्या अर्ध्या वाक्याकडे बघत बसले होते. मग एकेक अक्षर खोडलं आणि लिहिलं, "तब्येत ठीक आहे. इकडे ऊन फार." तिने हसण्याची चित्रं पाठवली. "मावशी, मी दादाचं विचारलं!" दुसऱ्या दिवशी पुन्हा, ओव्हरटाइम असतो का, मग सकाळी किती वाजता निघतो. आदल्या दिवशी मनात नुसती शंका होती. त्या दिवशी खात्री पटली, आणि मी उत्तर न देता मोबाइल पालथा ठेवला.

मुलगा घरी आल्यावर मोबाइल त्याच्यासमोर ठेवला. त्याचा चेहरा उतरला. बाबा, त्याची नोकरी, त्याचं नाव, त्याच्याबरोबर काम करणारी माणसं, सगळं त्या अर्ध्या वाक्यावर टेकलं होतं.

"आई, भेजा तो नहीं ना?"

"नाही रे. खोडलं."

"पक्का?"

"पक्का. तुझ्या आजोबांनी चौथीतच फाडून ठेवलं होतं." मग त्याला पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली. त्याने ती कधी ऐकली नव्हती. नेहमी घाईत असणारा मुलगा ताटावर हात वाळेपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "मैं भी तो इसीलिए कुछ नहीं बताता, आई. तुम बुरा मान जाती हो." बघा, आठी तुमची आणि गप्प बसणंही तुमचं. इतकी वर्षं समोर बसून जेवतोय आणि मला दिसलं नाही.

त्याने फॅक्टरीत कळवलं. सुरक्षा खात्यातले एक गृहस्थ घरी येऊन गेले, फार सभ्य. सगळं वाचून म्हणाले, "मॅडम, किसी से नौकरी की बात करते हैं, किसी से शादी की. आपसे आपके पिताजी की बात की." मी विचारलं, कोण असेल ही? ते म्हणाले, "पक्का कहना मुश्किल है. पड़ोस दो हैं, और दोनों को हमारे इतवार में बड़ी दिलचस्पी है." दोन्हीकडे कोण राज्य करणार ते लोक ठरवत नाहीत, एकीकडे लष्करी वर्दी ठरवते आणि दुसरीकडे एकच पक्ष. तिथल्या माणसांना स्वतःच्या सरकारला काही विचारायची सोय नाही, आणि आमच्या घरात कोण किती वाजता जेवतं ते मात्र त्या सरकारांना हवं असतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मोबाइलवरून नाहीशी झाली. मागे काही उरलं नाही.

मला राग यायला हवा, आणि येतोही. पण चारचा चहा ठेवला की वाटतं, खरोखरच कोणी मुलगी असेल का ती? कुठल्या तरी खोलीत बसून, वरच्याने सांगितलं म्हणून, परक्या भाषेत मावशी मावशी करणारी? तिला नाही म्हणायची मुभा असेल का? तिने मला लिहिलेलं प्रत्येक वाक्य आधी कोणीतरी तपासलं असेल, आणि तो तपासणारा तिचा रुसवा काढायला नदीवर नेणारा नसेल. तुम्हाला त्या देशांसारखे म्हटलं होतं ना मी, ते शब्द परत घेते. नागपूरच्या डॉक्टरांचं सोडून.

आता हे पत्र तुमच्या नियमाने पहिल्यापासून वाचलं. रविवार कापावा लागेल, भोंगा कापावा लागेल, गेट, नातू, ते गृहस्थ, सगळंच. तेव्हा ते आता चार तुकडे होऊन गॅसवर जाईल, शेगडी राहिली नाही. तुमच्यासमोर ठेवण्यासारखं एवढंच उरतं की तब्येत ठीक आहे आणि ऊन अजून फार आहे. आणि ज्याची कुठल्याच गेटला अडचण नाही असं एक. चार वाजले की मी अजून मोबाइल उघडून बघते, बाबा, कारण तुमच्याबद्दल मला दुसरं कोणी विचारत नाही.