खेचराची लाथ आणि ढाणकीची हळद

मु. तांडा, ता. दारव्हा
दि. ९ डिसेंबर

हिरासिंग भाऊजींना सुखीबाईचा जय सेवालाल.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची आणि घरच्या बाईंची तब्येत बरी असेल आणि मी पाठवलेलं तेल तुमच्या गुडघ्याला लागू पडलं असेल, अशी आशा करते. (लागू पडलं नसेल तर मला दोष देऊ नका. ते यांच्या मांडीलाही कधी लागू पडलं नव्हतं, पण बाटली अर्धी उरली होती.) ढाणकीला थंडी कशी आहे? इकडे कापसाची तिसरी वेचणी चालू आहे, तुरीला शेंगा धरल्या आहेत, आणि रानडुकरं आमच्या आधी त्या मोजून जातात.

फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. फोनवर समोरचा माणूस गप्प झाला की मला भीती वाटते. पत्रात तो गप्प झालेला ऐकू येत नाही. तसं पाहिलं तर हे गेल्यापासून मला बऱ्याच गोष्टींची भीती वाटायला लागली आहे. दुपारी कुत्रं भुंकलं तरी दचकते, अनोळखी मोटरसायकल तांड्यात शिरली की दाराला कडी लावते. आणि सगळ्यांत जास्त भीती खाकी पाकिटाची. मागच्या महिन्यात तसं एक आलं. मी ते तीन दिवस ज्वारीच्या कोठीखाली सरकवून ठेवलं. चौथ्या दिवशी माझ्या सुनेला, शीलाला, झाडताना ते सापडलं. ती म्हणाली, "याडी, हे पाकीट हाय, साप नोहे. काहून भेता एवढं?" मी म्हटलं, "साप असता तर भेली नसती माय. सापाले काठी हाय, याले काय हाय?"

पाकीट यांच्याच नावाचं होतं. तुमचा तेरावा अर्ज विचारात घेतला आहे, तरी जुन्या जखमेच्या तपासणीसाठी आपण स्वतः यवतमाळच्या सैनिक कचेरीत हजर राहावे, असं त्यात लिहिलं होतं. हे जाऊन दोन वर्षं झाली. जिवंत असताना बारा अर्जांना कोणी या म्हटलं नाही, आणि आता बोलावणं. मला वाटलं, गेले नाही तर दुसरं पाकीट येईल, त्यात 'गैरहजर' लिहिलेलं असेल. फौजेत गैरहजर राहणं किती वाईट, हे यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी त्यांच्या बदली हजर राहायचं ठरवलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सगळं लिहिते, कारण लिहिताना माझी भीती जरा रांगेत उभी राहते. नव्याण्णव साली तुम्ही दोघं खेचरांच्या पलटणीत होता. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडले, तुम्ही खेचरांवर दारूगोळा लादून बर्फाचे डोंगर चढलात. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. बैल सोडून खेचर कायले, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मग एके दिवशी फौजेचं पत्र आलं. तेव्हा मला अक्षर वाचता येत नव्हतं. पोस्टमन रामधन आपल्याकडची सगळी पत्रं लिंबाखाली उभा राहून वाचायचा, आणि आवाज लावून वाचायचा. साऱ्या तांड्यासमोर त्याने वाचलं की उत्तमसिंग राठोड यांना खेचराने लाथ मारल्याने डाव्या मांडीला दुखापत झाली आहे, काळजी नसावी. तिकडे लढाई चाललेली, आणि आमच्या माणसाला लाथ! लोक आधी घाबरून जमले होते, मग हसत हसत पांगले. तेव्हापासून यांचं नाव पडलं 'लाथ्या फौजी'. काठी टेकत गावी आले तेव्हा पोरांनी लाथ्या म्हणूनच स्वागत केलं.

त्या दिवशी मी ठरवलं की आपलं पत्र आपणच वाचायचं. अगरबत्तीचे पुडे, खताच्या पिशव्या, एसटीच्या पाट्या, जे दिसेल त्यावरून शिकले. मग यांची जुनी पत्रं काढली. हे लिहायचे कमी आणि खोडायचे जास्त. त्यामुळे मला एक सवय लागली ती आजवर आहे. कोणताही हातचा कागद आला की मी खोडलेलं आधी वाचते. न खोडलेलं काय, ते माणूस सगळ्यांना सांगणारच असतो.

पेन्शनीवर आल्यावर यांनी अर्ज सुरू केले. मला लाथ लागली नव्हती, तोफेच्या गोळ्याचा तुकडा लागला होता, रेकॉर्ड दुरुस्त करा आणि लढाईत जखमी झालेल्या जवानांना मिळतं ते पराक्रम पदक द्या. दर वेळी एकच उत्तर. दवाखान्यातला लाथेचा जबाब तुमच्याच सहीचा आहे, तो खोटा असेल तर प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार द्या. साक्षीदाराचा रकाना यांनी बाराही वेळा कोरा ठेवला. (तेराव्या वेळीही. मी पाहिलं.) मी विचारायची, काहो, तिथं कोणी नव्हतं का? तर म्हणायचे, "होतं ना. खेचर होतं."

हे गेले तेव्हा राख सावडताना आमच्या पोराला, ओमला, बोटाएवढा लोखंडाचा तुकडा सापडला. काळा, एका बाजूने करवतीसारखा. तुम्ही तिथेच होता, पण लांब रस्त्याच्या कडेला उभे होता, म्हणून तुम्हाला दाखवता आला नाही. नंतर शोधलं तर तुम्ही चहा न घेताच गेलेले. तो तुकडा मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला.

तर तो तुकडा पदराच्या गाठीत बांधून शीला आणि मी यवतमाळला गेलो. जीपमध्ये सोळा माणसं आणि दोन कोंबड्या होत्या, त्यांत सगळ्यांत शांत कोंबड्याच होत्या. कचेरीत राजदीप नावाचा तरुण कारकून होता, पोरगा भला. त्याने विचारलं, नवऱ्याचं नाव? मी म्हटलं, तुमच्याच कागदावर आहे. तो म्हणाला, तुमच्या तोंडून पाहिजे. आता सारा जन्म मी तोंडाने यांचं नाव घेतलं नाही, मेल्यावर कसं घेऊ? तो फॉर्मवर बोट ठेवून बसलेला. मागे रांग वाढत चाललेली. मागची एक बाई म्हणाली, "घ्या ना मावशी उखाण्यात, कायले लाजता." विधवेने उखाणा घ्यावा की नाही, मला माहीत नाही. पण भीतीने माणूस काहीही करतो. मी डोळे मिटले आणि म्हटलं,

खेचराच्या पाठीवर दारूगोळ्याचं ओझं,
उत्तमसिंगरावांचं नाव घेते, काम करा माझं.

रांगेतली माणसं हसली नाहीत. एक म्हातारा फौजी उभा राहिला. राजदीपने नाव लिहिलं आणि चहा मागवला.

मग त्याने विचारलं, पुरावा काय? मी गाठ सोडून तुकडा टेबलावर ठेवला. तो म्हणाला, हे काय? मी खरं ते सांगितलं, तोफेच्या गोळ्याचा तुकडा. भाऊजी, तो खुर्चीसकट भिंतीपर्यंत मागे गेला. शिपाई धावत आला. त्याने तुकडा उचलला नाही, त्यावर चहापत्तीचा रिकामा डबा उपडा ठेवला, विंचवावर ठेवतात तसा. सगळे डब्याकडे पाहत उभे. ते घाबरलेले पाहून मलाही भीती वाटली, की खरंच फुटला तर? चोवीस वर्षं तो तुकडा माझ्या शेजारी झोपला, तेव्हा कधी वाटली नाही. थंडीत हे कण्हायचे तेव्हा मी पोटीस शेकून त्याच्यावर ठेवायची, आणि शिव्या द्यायची खेचराला.

बऱ्याच वेळाने डबा उचलला. राजदीप हळूच म्हणाला, "काकू, हा नालेचाही तुकडा असू शकतो ना." मी म्हटलं, "नाल बाहेरून लागते बाबू, मांडीत मुक्काम करत नाही." त्याला ते पटलं, पण पटणं रकान्यात भरता येत नाही म्हणाला. आणि मग त्याने पुढचं सांगितलं. आधीचा जबाब खोटा निघाला तर वरचे विचारतीलच, जवानाने खोटं का सांगितलं? कोणाला झाकायला? साक्षीदार नसेल तर या वेळी फाईल कायमची बंद.

घरी आले तर दारात सरपंच लखन उभा. शाळेच्या भिंतीवर तांड्यातल्या फौजींचा बोर्ड लावायचा आहे, सव्वीस जानेवारीला. नाव आणि नावापुढे पदक. म्हणाला, "काकू, काकाच्या नावापुढं काय लिवू? लाथ लिवू काय?" त्याच्यासोबतचे हसले. मीही हसले. मग घरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

असो. आमचं हे असं चाललं आहे. बाईंना नमस्कार सांगा, नातवंडांना माझ्याकडून मुका. चूकभूल पदरात घ्या, मी शाळेत गेलेली नाही.

तुमची वहिनी,
सुखीबाई

ता. क. सोबत एक कोरा फॉर्म ठेवला आहे. साक्षीदाराचा. कचेरीत सोळा जानेवारीच्या आत द्यायचा आहे, स्वतः जाऊन. आधार कार्ड आणि दोन फोटो लागतात. यांना तुकडा लागला त्या डोंगरातल्या वळणावर तुम्ही यांच्या पुढे होतात की मागे, ते मला माहीत नाही, पण जवळपास असाल तर बघा.

ता. क. वरचं खोटं लिहिलं. मला माहीत आहे. यांच्या पेटीत तेराही अर्जांचे कच्चे कागद आहेत. तेराही कागदांवर एक ओळ पट्टी धरून खोडली आहे, आणि माझी सवय तुम्हाला सांगितलीच. "सोबती खेचर सोडून दगडाआड बसला होता, त्याला आणायला मागे फिरलो तेव्हा गोळा पडला." सोबत्याचं नाव कुठेच नाही. पण त्या वळणावर तुम्ही दोघंच होता, हे यांनी मला कैकदा सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर दवाखान्यात विचारलं असतं, मागे का फिरलास, सोबती कुठे होता. म्हणून लाथ. खेचराने कधी उलट जबाब दिला नाही.

मी रागावले नाही, असं लिहिणार होते. दोन दिवस खूप रागावले. तिसऱ्या दिवशी कोठीखालचं पाकीट आठवलं. कागदाला भिऊन मी तीन दिवस लपले, तुम्ही तर गोळ्यांना भ्यालात. फक्त तुमचं पाकीट सव्वीस वर्षं झाली, अजून कोठीखालीच आहे. मला भीती वाटते ती याची, की मी ते ओढून काढते आहे.

ता. क. शेवटचं. नव्याण्णवच्या लढाईनंतर दर संक्रांतीला तुम्ही जीपच्या ड्रायव्हरच्या हाती पाच किलो हळद पाठवता. एवढ्या हळदीत अख्ख्या तांड्याची लग्नं लागली. मी यांना विचारायची, हा माणूस एवढी हळद कायले पाठवतो? हे नुसते डबा भरून ठेवायचे. हे गेल्यावरही आली, मी भाजीत घालते. यंदा संक्रांतीला मी दारव्ह्याच्या स्टँडवर येऊन बसेन. जीपमधून तुम्ही उतरलात तर तिथूनच यवतमाळला जाऊ, जाताना वाटेत काही बोलायची गरज नाही. आणि ड्रायव्हरने हळदीची पिशवी दिली तर तीही घेईन. लखनला सांगेन, लिही लाथ. यांनी तुमची हळद कधी परत पाठवली नाही, मीही पाठवणार नाही.