नारळ डोंगराकडे गेला

प्रिय आबा,

आजच लिहायला बसले, कारण आज नववीच्या मुलांना घेऊन कर्ली नदीवर गेले होते आणि घरी आल्यावर सांगायला तुम्ही नव्हता. तुम्ही गेल्यानंतरची ही आमची पहिलीच क्षेत्रभेट!

मागची आठवते? तुमची होडी लागते तिथेच काठावर दोन काठ्या रोवून आम्ही सुका नारळ पाण्यात सोडला. तो दुसऱ्या काठीशी किती वेळात पोचतो, त्यावरून प्रवाहाचा वेग काढायचा होता. नारळ निघाला तो उलटाच! समुद्र सोडून डोंगराकडे. तुम्ही होडीतून ओरडलात, "अरे, भरती इली! नदी म्हायेराक चल्ली!" मुलं किती खिदळली!

वर्गातल्या मनालीने वहीत तसंच लिहिलं: प्रवाह पूर्वेकडे. आणि मी तुमच्यादेखत त्यावर लाल फुली मारली. खाडीकाठी वाढलेल्या मला भरती ठाऊक नव्हती का? होती हो. पण पुस्तकातल्या अहवालाच्या छापील नमुन्यात नदी समुद्राकडेच वाहत होती, आणि बाहेरून वह्या तपासायला येणाऱ्यांची मला धास्ती.

तुम्ही एवढंच म्हणालात, "गो बाय, पुस्तक लिवणाऱ्यान आमची खाडी बघूक नाय. तू तरी बघ."

"आबा, तुम्ही होडी सांभाळा. शिकवायचं माझ्यावर सोडा."

मुलांनी माना वह्यांत घातल्या. तुम्ही मात्र हसलात! का हसलात? रागावला असतात तर मी त्याच संध्याकाळी माफी मागितली असती. उद्या उद्या करत राहिले, आणि तुमचं दुखणं आलं.

आज मुद्दाम भरतीची वेळ धरली. नारळ वर निघाला तशी एक मुलगी विचारते, "बाई, जां दिसता तां लिवू, की पुस्तकातलां?"

म्हटलं, "जां दिसता तां. गेल्या वर्षी मी चुकले होते. माझे आबा बरोबर होते."

शाळेत परतल्यावर आता दहावीत असलेल्या मनालीला बोलावून तेच सांगितलं, पूर्ण गुण देऊ केले. ती म्हणते कशी, "आता गुण दिवन काय उपेग, बाई? निकाल कधीच लागलो!" दोघी पोटभर हसलो.

तुम्ही म्हणायचात, नदीत वर कुठेतरी खारं पाणी संपतं आणि ती जागा ऋतूप्रमाणे सरकते. पुढच्या वर्षी पाणी चाखत चाखत मुलांबरोबर ती शोधीन. आणि निघण्याआधीच त्यांना सांगेन, की ती कुठे आहे ते बाईंनाही माहीत नाही.

तुमची,
बाय