सोनकीच्या नालाबद्दल

मी, धर्माजी अंबाजी घरत, वय अदमासे एकसष्ट, धंदा घोड्यांची नालबंदी, राहणार थळ, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. छातीच्या दुखण्याने अंथरूण धरले आहे, तरी बुद्धी ठिकाणावर आहे आणि कोणी मला भरीला घातलेले नाही.

१. थळचे राहते घर व मागची सात माडांची वाडी माझी बायको गोदू हिला. आम्हांस मूलबाळ नाही. चुलतभावांनी हक्क सांगू नये. माझ्या आजारात त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही.

२. माथेरानचे शर्यतीचे मैदान माझ्या मालकीचे नाही, तरी त्याबद्दल लिहितो. सन १९२१ पासून दहा वर्षे मी तिथे राबलो. डोंगरावरची माती पावसाळ्यात वाहून जाई. दरवर्षी दिवाळीनंतर दगड वेचून, लाल माती चोपून आम्ही दरीकडचे वळण पुन्हा बांधत असू. मे महिन्यात मुंबईची मंडळी येत, तेव्हा वळण कोणी बांधले हे कोणी विचारीत नसे. सगळे विचारीत, "नजमुद्दीन आज कोणत्या घोड्यावर?"

३. नजमुद्दीन हा मुरुडचा, माझ्याच मालकाचा स्वार. सोनकी घोडीला शिंगरू असल्यापासून मी वाढवले. ती खाई माझ्या हातचे आणि खिंकाळे त्याची चाहूल लागली की. गोदूही एकदा म्हणाली, "नजूभावजी आले की घर कसं भरल्यासारखं वाटतं." त्या एका वाक्यावर मी आठ दिवस धड जेवलो नाही. त्यांच्यात वावगे काही नव्हते. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

४. सन १९२९ च्या शर्यतीच्या सकाळी मी सोनकीच्या पुढच्या उजव्या नालाला दोन खिळे मुद्दाम आखूड मारले. तिच्यावर बसणारा नजमुद्दीन एकदा तरी हरावा, एवढेच मनात होते. वळणावर नाल निखळला. घोडी पडली, तिला गोळी घालावी लागली. नजमुद्दीनच्या मांडीचे हाड मोडले. तो पिऊन घोडीवर बसला होता असे लोक बोलले, मालकाने त्याला काढून टाकले. मी गप्प राहिलो.

५. चार वर्षांनी मी मुरुडला त्याच्याकडे गेलो. तो लंगडत बाहेर आला, चटई टाकली. म्हणाला, "धर्माजी, पडलो तिथंच नाल हाताला लागला होता. खिळे आखूड होते."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं घोड्यावर बसणं तर गेलंच होतं. तुझं काम कशाला घालवायचं? गोदूवहिनीने खायचं काय?"

मला हलके वाटायला हवे होते. वाटले नाही. इथेही तोच पुढे गेला, आणि गोदूची काळजीसुद्धा माझ्याआधी त्यानेच केली. हा जळफळाट अजून गेलेला नाही. मरताना खोटे लिहीत नाही.

६. येत्या मे महिन्यात माथेरानच्या बाजारात, घोडेवाले जमलेले असताना, कलम चार मोठ्याने वाचावे. नजमुद्दीन शुद्धीत होता हे सर्वांनी ऐकावे. माझी हत्यारे नेरळच्या कोणाही नालबंदाला द्यावीत. नजमुद्दीनला मी काही ठेवीत नाही. तो घेणार नाही, आणि नाकारून पुन्हा मोठा होईल.

७. गोदूला यातले काही माहीत नाही. कळले की ती मला बोल लावील आणि त्याला भेटायला मुरुडला जाईल. तिला अडवू नये. फक्त हा कागद तिला तेराव्यानंतर वाचून दाखवावा. तेवढे तेरा दिवस तरी ती माझ्यासाठी रडेल.

मुक्काम थळ, तारीख ११ फेब्रुवारी १९३६.

सही: धर्माजी अंबाजी घरत

आमच्यासमक्ष सही केली:
कोंडाजी राघो थळे
अहमद इब्राहिम मुकादम